चाळिसावा क्रमांक म्हणजे पडलेलं गाणं?

'1980च्या दशकातलं अमुक न्यू वेव्ह (तेव्हाची एक पॉप-रॉक शैली) द्वंद्वगीत लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत चाळिसाव्या क्रमांकापुढे सरकलंच नाही, म्हणजे ते कुणी विकत घेतलं नाही', असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. तसं वाटणं साहजिक आहे, पण ते खरं नाही.

क्रमांक असतो फक्त त्या आठवड्याचा. पुढच्या आठवड्यात मोजणी नव्याने सुरू. समजा, एका गाण्याच्या पहिल्या आठवड्यात 10,000 तबकड्या खपल्या, दुसऱ्यात 3,000 आणि मग ते यादीतून गेलं. एकूण 13,000. दुसरं गाणं चाळिसाव्या क्रमांकाच्या आसपासच रेंगाळलं, पण दहा आठवडे दर आठवड्याला 2,500 खपलं. झाले 25,000! क्रमांक पहिल्याचा वरचा, खप मात्र दुसऱ्याचा जवळपास दुप्पट.

शिवाय तेव्हा ब्रिटनची मुख्य यादी दुकानांतल्या विक्रीवरून ठरायची. अमेरिकेत रेडिओवर गाणं किती वाजलं हेही धरायचे. त्यामुळे दोन्हीकडचे क्रमांक एकाच मापाने तोलता येत नाहीत.

पडताळणं सोपं आहे. जुन्या साप्ताहिक याद्या इंटरनेटवर मिळतात. त्यात सर्वोच्च क्रमांकाशेजारी गाणं किती आठवडे टिकलं तो आकडा असतो. माझ्या मते तोच जास्त बोलका. यादी कुठल्या देशाची, तेही बघून घ्या.