उंच उडी जमिनीवरच ठरते

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोला झालेल्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे २.२८ मीटर उडी मारून सहावा आला. पुरुषांच्या उंच उडीत जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. सुवर्णपदक न्यूझीलंडच्या हॅमिश करनं २.३६ मीटरवर नेलं. आमच्या बेळगाव-खानापूर भागात कुस्ती, कबड्डी आणि सैन्यभरतीच्या गप्पांत उंच उडीला सहसा जागा नसते. तरी सर्वेशच्या उडीची क्लिप इथल्या मोबाईलवरही फिरली, आणि जो तो म्हणाला, "उंच आहे म्हणून जमतंय."

उंचीचा फायदा असतो, नाही असं नाही. पण स्वीडनचा स्टेफान होल्म होता १.८१ मीटरचा, आणि २००५ मध्ये माद्रिदला त्यानं २.४० मीटरची दांडी ओलांडली. स्वतःच्या डोक्यापेक्षा ५९ सेंटिमीटर वर. १९९३ पासून अबाधित असलेला २.४५ मीटरचा विश्वविक्रम क्युबाच्या हाविएर सोतोमायोरचा आहे. तो होल्मपेक्षा चांगलाच उंच, तरी डोक्यावरची त्याची झेप होल्मपेक्षा कमीच भरते.

इथंच सांगून टाकतो, 'उंची वाढवा'च्या जाहिरातींमागं लागून पोरांनी घरच्यांचे पैसे घालवू नयेत. लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या किशोरवय सरता सरता बंद होतात. त्या पुन्हा उघडणारी पावडर कुणाकडेही नाही.

मग उडी येते कुठून? पाय जमिनीवरून सुटला की शरीराच्या गुरुत्वमध्याचा, म्हणजे सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरतात त्या बिंदूचा, मार्ग ठरून गेलेला असतो. हवेत हातपाय कितीही झाडले तरी तो तसूभर वर सरकत नाही. शाळेतलंच सूत्र घ्या: वर जाण्याची उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट. वरच्या दिशेचा वेग सेकंदाला ४.६ मीटर असेल तर गुरुत्वमध्य सुमारे १.०८ मीटर वर चढतो. पाय सुटताना उंच खेळाडूचे हात आणि गुडघा वर उचललेले असतात, तेव्हा हा गुरुत्वमध्य आधीच १.४० मीटरच्या आसपास असतो. बेरीज २.४८. दांडीवरून पाठीवर जाताना होणारी ती देखणी कमान उंची देत नाही. मिळालेली उंची ती वाया जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम. गुरुत्वमध्य दांडीखालून जातो, असं हमखास लिहिलं जातं. तत्त्वतः ते शक्य आहे, पण अव्वल खेळाडूंच्या मोजमापांत तो बहुधा दांडीच्या बरोबरीनं किंवा किंचित वरूनच जाताना दिसतो.

खरी करामत शेवटच्या चार-पाच पावलांत आहे, आणि मला या खेळात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. खेळाडू आधी सरळ धावतो, मग वळण घेतो. अनमोड घाटाच्या वळणावर मोटारसायकल आत झुकवावी लागते, तसं त्याचं अख्खं शरीर वळणाच्या आत, म्हणजे दांडीपासून दूर झुकतं. किती? झुकावाच्या कोनाचा टँजंट म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. वेग सेकंदाला ७ मीटर आणि वळणाची त्रिज्या १० मीटर धरली तर उत्तर ०.५ येतं, म्हणजे जवळजवळ २७ अंश.

या झुकण्यातून दोन गोष्टी साधतात. पहिली, गुडघा फारसा न वाकवता गुरुत्वमध्य खाली येतो, त्यामुळं वर ढकलायला जास्त अंतर मिळतं. दुसरी याहून सुंदर. शेवटचा पाय शरीराच्या पुढं, जवळजवळ ताठ रोवला जातो. धावण्याचा वेग त्या पायावर अडतो, मांडीचे स्नायू ताणले जातात आणि लगेच आकुंचन पावतात. सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळात हा सारा कारभार उरकतो. तेवढ्यात आत झुकलेलं शरीर उभं होतं, आणि उभं होताना मिळालेला कोनीय संवेग, म्हणजे गोल फिरण्याचा जोर, हवेत कायम राहतो. दांडीकडं पाठ होऊन खांदे आधी आणि पाय शेवटी पलीकडं जातात, ते या संवेगामुळं. सरळ धावत आलेल्याला तो असा मिळत नाही.

भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारी आपली पोरं नऊ फुटी खड्ड्याची उडी जोरात मारतात. वेग आहे, पायात ताकद आहे. पण खड्ड्यावरून जाताना वेग पुढंच ठेवायचा असतो. तो वर वळवायची सवय वेगळी लावावी लागते.

डिक फॉस्बरीनं १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत २.२४ मीटरवर सुवर्ण जिंकून पाठीवरची ही उडी जगाला दाखवली. त्याआधी मैदानांत फोमच्या जाड गाद्या आल्या होत्या म्हणून ते जमलं. खेड्यातल्या शाळेत वाळूचा हौद असतो. तिथं क्लिप बघून पाठीवर पडायला जाऊ नका, मान मोडेल. वाळूत सिझर पद्धतीनं, म्हणजे कात्रीसारखा एकेक पाय दांडीपलीकडं टाकत, पायावरच उतरायचं. वळणाचा सराव मात्र गादीशिवाय, दांडीशिवायही होतो: फक्कीनं १० मीटर त्रिज्येची वळणरेषा आखायची, तिच्यावरून वेगात धावायचं आणि शेवटी एका पायावर सरळ वर उडून पायावरच उतरायचं. कंबरेत न वाकता, घोट्यापासून खांद्यापर्यंत एका रेषेत झुकता येतंय का, एवढं पीटीच्या सरांनी बाजूला उभं राहून बघावं.