जाहिरातीत किंमत चुकीची छापली गेली तर? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

गेल्या दिवाळीत वृत्तपत्रासोबत वाटलेल्या आमच्या पत्रकात 4,950 रुपयांच्या मिक्सरची किंमत, शेवटचे शून्य गळाल्याने, 495 रुपये अशी छापली गेली. मुद्रित तपासताना ती चूक आमच्या नजरेतून सुटली. छापलेल्या किमतीला वस्तू देणे दुकानदारावर बंधनकारक नाही का, हा त्या दिवशी पत्रक घेऊन आलेल्या ग्राहकांचा प्रश्न रास्त होता, आणि गर्दीत आम्ही त्याचे नीट उत्तर देऊ शकलो नाही.

भारतीय करार कायदा, 1872 नुसार एकाने प्रस्ताव मांडून दुसऱ्याने तो स्वीकारल्यावरच करार होतो. पत्रक किंवा दुकानात मांडलेली वस्तू हा सामान्यतः प्रस्ताव नसून प्रस्तावाचे निमंत्रण मानले जाते; प्रस्ताव मांडतो तो ग्राहक, आणि दुकानदाराने तो स्वीकारला की व्यवहार ठरतो. इंग्लंडमधील बूट्स या औषधविक्रेत्यांच्या 1953 च्या खटल्यात हेच तत्त्व स्पष्ट झाले. त्यामुळे छपाईची प्रामाणिक चूक विक्रीपूर्वी दुरुस्त करता येते. व्यवहार पूर्ण झाल्यावर मात्र स्थिती बदलते, कारण केवळ एका पक्षाचा वस्तुस्थितीबाबत गैरसमज झाला, एवढ्याच कारणाने करार रद्द करता येत नाही, असे याच कायद्याचे कलम 22 सांगते. त्या सकाळी चूक लक्षात येण्यापूर्वी 495 रुपयांची दोन बिले झाली होती. ती आम्ही कायम ठेवली, आणि ते योग्यच होते असे आम्हाला वाटते.

वस्तूवर लावलेल्या किमतीच्या चिठ्ठीबाबत ग्राहकाने अधिक जागरूक असावे. चिठ्ठी चुकली असे सांगून दुकानदार विक्रीपूर्वी किंमत दुरुस्त करू शकेल. परंतु वस्तूवर किंवा वेष्टनावर दर्शवलेल्या किमतीपेक्षा जास्त रक्कम त्याने आकारली, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रार करता येते. वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत ही केवळ वरची मर्यादा असते, हेही येथे नमूद करतो.

‘चूक झाली’ ही सबब मुद्दाम केलेल्या फसवणुकीला लागू पडत नाही. ग्राहकांना ओढण्यासाठी अशक्य किंमत छापणे ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते आणि त्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

आमच्या दुकानापुरते सांगायचे तर, वस्तूवरची चिठ्ठी आमच्या हातून चुकली असल्यास त्याच किमतीला आम्ही ती वस्तू देतो, मग कायद्याची सक्ती असो वा नसो. पत्रकातील चूक आढळल्यास दुरुस्तीची सूचना त्याच दिवशी प्रवेशद्वारावर लावतो आणि कोणी आगाऊ रक्कम भरली असेल, तर ती पूर्ण परत करतो. आमच्या उत्तराने समाधान न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. आयोगाकडील मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे, त्यामुळे पत्रक आणि बिल दोन्ही जपून ठेवावीत.