‘जिमी कार्टर’ पाणबुडी: नावामागचा इतिहास

अमेरिकी नौदलाच्या सीवुल्फ वर्गात पाणबुड्या तीनच, पण नावं तीन तऱ्हांची. पहिली ‘सीवुल्फ’, म्हणजे माशाचं नाव. दुसरी ‘कनेक्टिकट’ हे राज्य, तर तिसरी माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर.

हल्लेखोर पाणबुड्यांना माशांची नावं देण्याची तिथली जुनी रीत होती. पुढे अणुपाणबुड्यांची पाठराखण करणाऱ्या चार दिवंगत लोकप्रतिनिधींची नावं चार पाणबुड्यांना मिळाली. मग १९७० च्या दशकात लॉस एंजेलिस वर्ग आला आणि शहरांची रांग लागली. ‘मासे मत देत नाहीत’ असं नौदलाच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर म्हणाल्याचं सांगतात. पैसा मंजूर करणारी काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, तेव्हा मतदारसंघाचं नाव दिलेलं बरं, असा तो रोकडा हिशेब!

सीवुल्फ वर्गाच्या २९ पाणबुड्या बांधायच्या होत्या. सोव्हिएत संघ कोसळला, खर्च डोईजड झाला आणि काम तीनवर थांबलं. तिसरीचं नाव १९९८ मध्ये जाहीर झालं, तेव्हा कार्टर हयात होते. हयात माणसाचं नाव देण्यावर एरवी नाक मुरडलं जातं. इथे मात्र ते शोभतं. पाणबुडीवरच्या सेवेची रीतसर पात्रता मिळवलेले ते अमेरिकेचे एकमेव राष्ट्राध्यक्ष.

तरुण लेफ्टनंट कार्टर रिकोव्हर यांच्याच अणुकार्यक्रमात होते. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हर इथल्या अणुभट्टीत अपघात झाला. ती सुटी करायला गेलेल्या एका तुकडीचे प्रमुख कार्टर होते. किरणोत्सर्ग इतका की आत एका खेपेला जेमतेम दीड मिनिट थांबता येई. म्हणून टेनिस कोर्टवर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारून कुठला बोल्ट कुणी काढायचा याची तालीम झाली. मग आत पळत जायचं, ठरलेले बोल्ट सोडवायचे आणि बाहेर यायचं. १९५३ मध्ये वडील वारले, कार्टर नौदल सोडून जॉर्जियात घरची शेती आणि व्यवसाय बघायला परतले.

२००४ मध्ये कार्टर यांच्या पत्नी रोझलिन यांच्या हस्ते पाणबुडीचा नामकरण सोहळा झाला आणि १९ फेब्रुवारी २००५ रोजी ती नौदलात दाखल झाली. वर्गातल्या इतर दोघींपेक्षा ती सुमारे ३० मीटर लांब आहे. या वाढीव भागातून पाणबुडे आणि मानवरहित वाहनं समुद्रात सोडता येतात. तिच्या मोहिमांबद्दल मात्र नौदल फारसं बोलत नाही.