त्वचेचे संरक्षक आवरण : निगा व दुरुस्ती (सोलापूर परिसर)

त्वचेचे संरक्षक आवरण म्हणजे शरीरातले पाणी आत धरून ठेवणारा आणि धूळ, जंतू, साबण, रसायने यांना बाहेर अडवणारा त्वचेचा सर्वांत वरचा थर. शास्त्रात त्याला शृंगी थर म्हणतात. दवाखान्यात आणि जाहिरातीत ‘स्किन बॅरिअर’. तळहात-तळपाय सोडले तर त्याची जाडी मिलिमीटरचा एक-दोन शतांश, म्हणजे वहीच्या कागदाहूनही कमी. तो बिघडल्याची खूण सोलापुरात शाळकरी पोरांनाही माहीत आहे. थंडीत पोटरीवर नख ओढले की पांढरी रेघ उमटते, पोरे त्या रेघांनी आपले नाव लिहितात, आणि आई म्हणते, ‘अंग उललंय, तेल लाव.’

या थराची रचना विटांच्या भिंतीसारखी असते. चपट्या, मृत पेशींच्या १५ ते २० चळती या विटा, आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ हा चुना. या चुन्यात वजनाने निम्म्याच्या आसपास सिरॅमाइड नावाचे स्निग्ध पदार्थ, साधारण पाव हिस्सा कोलेस्टेरॉल आणि उरलेल्यात मुख्यतः मेदाम्ले असतात. विटांच्या आत फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनापासून तयार झालेले पाणी धरणारे घटक असतात. या प्रथिनाच्या जनुकात दोष असला तर इसब होण्याचा संभव बराच वाढतो, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. त्यामुळे ‘पोराला नीट आंघोळ घालत नाही’ असा ठपका इसबवाल्या लेकराच्या आईवर ठेवणे अन्यायाचे आहे. पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, सामू (पीएच) ५ च्या आसपास, असावा लागतो. चुना बांधणारी विकरे त्याच सामूत नीट काम करतात.

आवरण स्वतःची दुरुस्ती स्वतः करते. वरचा स्नेह निघून गेला की खालच्या जिवंत पेशी साठवलेल्या स्निग्ध पुड्या काही मिनिटांतच बाहेर सोडू लागतात. निरोगी तरुण त्वचेत निम्म्याहून अधिक भरपाई अर्ध्या दिवसात आणि पुरती भरपाई तीनेक दिवसांत होते. म्हाताऱ्या त्वचेला याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणून दुरुस्ती म्हणजे मुख्यतः नवी झीज थांबवणे. आज भरलेली भिंत उद्या सकाळी पुन्हा खरवडली, तर महागातले क्रीमही उपयोगाचे नाही.

सोलापूर पर्जन्यछायेत येते. मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते, पारा चाळिशी ओलांडतो, आणि कोरडी हवा त्वचेतले पाणी ओढत राहते. थंडीतला त्रास सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. उन्हाळ्यात घाम येतो म्हणून कातडी कोरडी असल्याचे लक्षातच येत नाही. त्यात बोअरचे जड पाणी. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चोथा करतात. बादलीच्या कडेला दिसणारा तोच पांढरा थर अंगावरही राहतो. अशा पाण्याच्या गावांत लहान मुलांत इसब अधिक दिसतो, पण पाणी मऊ करणारे यंत्र घरात बसवून आधीचा इसब सुधारला नाही, असे इंग्लंडमधल्या २०११ च्या चाचणीत आढळले. तेव्हा यंत्रावर खर्च करण्याऐवजी साबण कमी करावा. नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्याने कपडे एका पाण्यातून काढायची सवय घरोघर आहे. कपड्यात राहिलेली पावडर कमरेशी, काखेत, मानेवर दिवसभर घासते. पाणी कमी असेल तर पावडर निम्मी घालावी.

आंघोळीत आवरणाचे सर्वांत जास्त नुकसान होते, आणि ते बहुतेक टाळता येण्यासारखे असते. कढत पाणी, सामू ९-१० असलेला साबण, वर वज्रीने किंवा काथ्याने घासणे, या तिन्हींनी चुना उतरतो. पाणी कोमट असावे, आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकावी, साबण काखा, जांघा व पाय एवढ्यालाच लावावा. सोलापुरी टॉवेलचे खरखरीत विणकाम हा त्याचा गुण आहे, पाणी झटक्यात शोषतो. पण त्याने अंग पुसू नये, टिपून घ्यावे. अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांत, स्निग्ध काहीतरी लावावे. पूर्ण सुकल्यावर लावलेले तेल कोरड्या विटांवर बसते आणि धरून ठेवायला आत पाणी कमीच उरलेले असते. कोणते लावता यापेक्षा कधी लावता याला महत्त्व अधिक आहे, हे पुन्हा पुन्हा सांगावे असे आहे.

तरीही तेलातेलांत फरक आहेच. साधे पेट्रोलियम जेली स्वस्त असून पाणी रोखण्यात सर्वांत सरस. भेगांवर रात्री तेच लावावे. खोबरेल कोरड्या त्वचेला चांगले. सोलापूर हा करडईचा जिल्हा, आणि पारंपरिक करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल ७० टक्क्यांहून अधिक असते. त्वचेच्या सिरॅमाइडला हेच आम्ल लागते. त्याच आम्लाने समृद्ध अशा सूर्यफूल तेलाच्या मालिशने अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधला जंतुसंसर्ग कमी झाल्याचे बांगलादेशातल्या अभ्यासात २००५ मध्ये दिसले. याउलट ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल जास्त असते, ते आवरण सैल करते. शेंगदाण्याचे तेल चटणीवर घ्यावे. इसब असलेल्या बाळाच्या अंगाला मात्र चोळू नये, कारण फाटलेल्या त्वचेतून शेंगदाण्याची ॲलर्जी जडू शकते.

नवजात बाळाची लव जावी म्हणून डाळीच्या पिठाचा गोळा पाठीवर फिरवण्याची रीत अजून चालते. लव आपोआप गळते. बाळाचे आवरण नाजूक असते आणि त्या गोळ्याने केसांबरोबर तेही सोलले जाते. जन्मतः अंगावर असलेला पांढरा लेपही लगेच पुसून काढू नये. पहिली आंघोळ किमान २४ तास पुढे ढकलावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायांचे हात पाहिले तर आवरण म्हणजे काय ते पुस्तक न उघडताही कळते. तेंदूची पाने भिजवायची, ओली पाने कात्रीने मापात कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड नखाने मुडपायचे. बोटे दिवसभर ओली-सुकी होत राहतात, आणि त्वचेला सतत ओले राहण्याइतकेच हे ओले-सुके वाईट. तर्जनीच्या कडेला बारीक काळ्या भेगा पडतात, त्यांत तंबाखूची भुकटी बसते, आणि फुटलेल्या कातडीतून निकोटिन अंगात जाते. मजुरी हजार विड्यांवर मिळते, तेलकट बोटांतून पान सटकते. म्हणून ‘दर तासाला क्रीम लावा’ हा सल्ला इथे कुचकामी आहे. काम संपल्यावर हात साबणाने धुवून, टिपून, पेट्रोलियम जेलीचा जाडसर हात देऊन जुने सुती मोजे घालून झोपणे एवढे जमण्याजोगे आहे. चादर-टॉवेलच्या रंगकामात कॉस्टिक सोडा आणि ब्लीच हाताळणाऱ्यांनी रबरी हातमोजे वापरावेत, आत सुती अस्तर घालून. नाहीतर घामानेच हात फुटतात.

खाज सुटली की मेडिकलमधून ‘एक ट्यूब द्या’ म्हणून आणलेली मलमे हा मोठा धोका आहे. त्यांत बहुधा स्टेरॉइड असते. दोन दिवसांत आराम पडतो, पण महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, चुना तयार होणे मंदावते, चेहरा लाल पडून उन्हात भाजल्यासारखा होतो, आणि नायटा असेल तर तो पसरतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा अनेक मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. विक्री मात्र थांबली नाही. त्वचारोगतज्ज्ञाने ठरावीक दिवसांसाठी दिलेले स्टेरॉइड इसबात आवश्यक असते, ते भीतीने अर्ध्यात सोडू नये.

टाचांच्या भेगांना आमसुलाचे तेल जुन्या घरांत अजून लावतात. जाड, टणक टाचांना १० ते २५ टक्के युरियाचे क्रीम अधिक उपयोगी पडते. भेगेत ब्लेड घालू नये. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत. भेगेतून पाणी, पू वा वास येत असेल, किंवा भेग खोल असूनही दुखत नसेल, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.