डिकीचा पत्रा आणि ‘अँटी-रस्ट’ या शब्दाचा गुंता

जुन्या फियाट किंवा पद्मिनीच्या डिकीला आणि तळाच्या पत्र्याला ‘अँटी-रस्ट मारून घ्या’ असा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. या एका शब्दाखाली किमान चार वेगळ्या गोष्टी नांदतात: गंजाशी रासायनिक क्रिया करून त्याला स्थिर करणारे द्रावण, पत्र्याला घट्ट धरणारा प्राइमर, खालून फवारला जाणारा जाड काळा थर आणि पोकळ्यांत सोडले जाणारे मेण किंवा तेल. या चार गोष्टी वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या गरजेपोटी आल्या. त्यांना एकच समजण्यातून आपल्याकडच्या अनेक जुन्या गाड्यांचा पत्रा राखला जाण्याऐवजी नुसता झाकला गेला, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

लोखंडाला तेल, चरबी, मेण किंवा राळ लावून हवा-पाण्यापासून दूर ठेवण्याची रीत फार जुनी आहे आणि तिच्यात फारसे वादाचे काही नाही. गुंता सुरू होतो तो लाल रंगापासून. जहाजे आणि पूल यांच्या लोखंडाला पूर्वी जो लाल प्राइमर देत, तो जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर असे, म्हणजे आपण ग्रामदैवताला लावतो तोच शिशाचा ऑक्साइड. तेल आणि शिसे यांच्या संयोगातून बनणारे साबणासारखे क्षार गंजण्याची क्रियाच मंद करत, म्हणून हा शब्दशः गंजविरोधी प्राइमर होता. शिशाच्या विषारीपणामुळे तो हळूहळू मागे पडला आणि त्याच्या जागी गॅरेजमध्ये रेड ऑक्साइड आला. रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचा ऑक्साइड, जातकुळीने आपल्या गेरूचा आणि कावेचा सख्खा भाऊ. तो स्वतः गंजाला रोखत नाही, केवळ रंग आणि भरणा देतो. रोखण्याचे काम त्यात मिसळलेले झिंक क्रोमेट करत असे. जस्त-क्रोमेटयुक्त रेड ऑक्साइड प्राइमरसाठी आपल्याकडे भारतीय मानक क्रमांक २०७४ आहे, परंतु क्रोमेट नसलेला स्वस्त डबाही दिसायला तसाच असतो. शेंदूर गेला, क्रोमेटही कर्करोगाच्या धोक्यामुळे कमी होत गेले, लाल रंग मात्र राहिला आणि त्या रंगावरचा विश्वासही राहिला. आज एखाद्या गाडीचा तळ लाल दिसतो म्हणून तो सुरक्षित आहे असे मानणे धोक्याचे आहे.

फियाट ११०० ची ‘डिलाइट’ ही आवृत्ती कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीला पेलणारी खालची स्वतंत्र चौकट, नाही; तळाचा पत्रा, बाजूचे सिल (दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्या) आणि डिकीची जमीन हाच तिचा सांगाडा, त्यामुळे इथला गंज ही दिसण्याची नव्हे तर ताकदीची बाब ठरते. मूळ आराखडा पन्नास-साठच्या दशकांतला. अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने सांध्यासांध्यांत प्राइमर पोचवण्याची आज रुळलेली पद्धत जगभर स्थिरावली ती सत्तरच्या दशकात आणि त्यानंतर. पूर्ण बॉडीसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरण्याची कल्पनाही त्याच सुमाराची. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेल्या जागी केसाएवढी फट उरते, तिच्यात पाणी आपोआप ओढले जाते आणि तिथे कोणताही ब्रश कधीच पोचत नाही.

आता काळ्या थराविषयी, कारण खरा वाद तिथेच आहे. डांबरावर आधारलेला जाड लेप गाडीच्या पोटाला फवारण्याची पद्धत अमेरिका आणि युरोपात फोफावली त्यामागे ठोस कारण होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकण्याचे प्रमाण प्रचंड वाढले आणि ते खारे पाणी चाकांबरोबर थेट तळाला लागू लागले. शत्रू खालून येत होता, म्हणून तटबंदी खाली उभारली गेली. आपल्याकडे हा उपाय आला, पण त्यामागचे कारण आले नाही. मुंबईत आणि कोकणात मीठ हवेत असते आणि पाणी वरून येते: काचेच्या सुकलेल्या रबरातून, दरवाजाच्या तळाशी बुजलेल्या छिद्रांतून, डिकीच्या झाकणाच्या दबलेल्या बीडिंगमधून. ते पाणी मॅटिंगखालच्या नमद्यात मुरते आणि चार महिने तिथेच राहते. पत्रा सडतो तो प्रवाशाच्या पायाखालून, आतल्या बाजूने. आणि बाहेरून मारलेला काळा थर इतकेच करतो की सडलेला पत्रा खालून दिसत नाही. त्यातच हा लेप काही वर्षांनी वाळून तडकतो, तड्यातून शिरलेले पाणी पत्रा आणि लेप यांच्यामध्ये अडकते आणि मोकळ्या पत्र्यावरून जे तासाभरात वाळले असते ते आठवडाभर ओले राहते. या लेपाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, हे मान्य केले पाहिजे: स्वच्छ, प्राइमर दिलेल्या पत्र्यावर लावलेला मऊ, लवचीक थर खडीचा मार झेलतो आणि कच्च्या रस्त्यांवर त्याचा खरा उपयोग होतो. आक्षेप थरावर नाही, क्रमावर आहे. विक्रीआधी गंजावर थेट मारलेल्या काळ्या थराला अनुभवी डेंटर टोच्याने टोचून पाहतात, ते याचसाठी.

मुंबईच्या टॅक्सींनी या प्रश्नात आणखी एक भर घातली. न्यायालयीन आदेशांनंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, सिलिंडर डिकीत आले, आणि त्यांच्या ब्रॅकेटसाठी डिकीच्या जमिनीत पाडलेल्या भोकांच्या कडा पुष्कळदा उघड्याच राहिल्या. वजनही तिथेच, ओलही तिथेच. २०१३ पासून टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा लागू झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. उरल्या त्या हौसेने जपलेल्या खासगी गाड्या.

या गाड्यांसाठी आजची साधने खूपच चांगली आहेत. टॅनिक आम्ल असलेले द्रावण गंजाला निळसर काळ्या, स्थिर संयुगात बदलते. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई बनत असे, तीच ही क्रिया. मात्र ते सुटा, पापुद्रे सुटलेला गंज खरवडल्यानंतर राहिलेल्या पातळ थरावरच चालते, भोक पडलेल्या पत्र्याला नवे आयुष्य देत नाही. त्यावर दोन घटकांचा इपॉक्सी प्राइमर, सांध्यांवर सीलर, मग रंग, आणि सिलच्या पोकळीत सर्वांत शेवटी मेण, हा क्रम आहे. मेण आधी पडले तर त्यावर दुसरे काहीही चिकटत नाही आणि पुढे वेल्डिंग करायची वेळ आली तर ते पेटते. डिकीत पाणी निघून जाण्याची छिद्रे लेपाखाली बुजू न देणे आणि त्यांची रबरी बुचे बदलणे हे काम काही रुपयांचे आहे, पण बहुतेक वेळा तेच राहून जाते.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय झाली. चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत बदल होईल अशी मोठी दुरुस्ती झालेली नसावी, ही अट त्या व्याख्येतच आहे. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये त्या वयाला पोचली. जिच्या बाबतीत तळ आणि सांगाडा एकच आहे, तिचा पत्रा सडण्याआधी वाचवणे आणि सडल्यावर कापून नवा बसवणे यांतला फरक आता कागदोपत्रीही मोजला जाऊ शकतो.