शाफ्ट नुसता फिरवतो, की चाकही धरतो?

क्लच सोडताना मागून 'टक्' असा आवाज आला, की जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये पहिला संशय ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची फिरकी चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, क्रॉसवर घ्यावा. क्रॉस म्हणजे दोन शाफ्ट कोनात जोडणारा, अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा. त्याच्या चार टोकांवर वाट्या बसतात आणि प्रत्येक वाटीत बारीक सुयांचं बेअरिंग असतं. ग्रीस संपलं, पाणी शिरलं, की सुया टोकांवर चर पाडतात. वाटीच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, तर समजा क्रॉस गेला.

क्रॉसची एक खोड जन्मजात आहे. कोनात चालताना एक शाफ्ट एकसारखा फिरला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. १० अंशांच्या कोनात वेग दीड टक्का वर-खाली होतो, २० अंशांत सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून दोन टोकांना दोन क्रॉस. एकाची चूक दुसरा फेडतो. मात्र कोन सारखे हवेत आणि शाफ्टवरचे दोन्ही योक, म्हणजे क्रॉस धरणारी दुबेळकी टोकं, एका रेषेत. शाफ्ट सोडवण्याआधी स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकू देणाऱ्या दात्यांवर, खूण करायची ती यासाठीच.

सीव्ही जॉइंटमध्ये, म्हणजे कोनातही वेग एकसारखा ठेवणाऱ्या सांध्यात, ही खोड नाही. त्यातल्या गोळ्या कोनाच्या बरोबर मधल्या प्रतलात राहतात. मग सरसकट तोच का बसवू नये?

ट्रायम्फ टीआर ६ मध्ये जरूर बसवावा. तिथे चाक वर-खाली होताना शाफ्टची लांबी बदलते आणि त्यासाठी स्प्लाइन सरकतात. जोर लागला की त्या घर्षणाने अडकतात, जोर कमी होताच सुटतात, आणि गाडीचा मागचा भाग हिसका देतो. सरकता सीव्ही जॉइंट हा त्रास मुळातूनच काढतो.

१९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये मात्र तो घातक. तिथे मागचा शाफ्ट हाच सस्पेन्शनचा वरचा दांडा आहे! त्याची लांबी बदलली तर चाकच कलेल. त्यामुळे तिथे क्रॉसच हवा, आणि तोही उत्तम प्रतीचा, कारण त्यातली ढिलाई थेट चाकात उतरते. माझ्या मते सुटा भाग निवडताना किमतीच्याही आधी शाफ्ट नुसता फिरवतो की चाकही धरतो, हेच पाहावं.

नवा क्रॉस घेताना वाटीचा व्यास आणि सर्क्लिपमधलं (वाट्या जागी धरणाऱ्या कड्यांमधलं) अंतर व्हर्निअरने मोजा. बसवताना सुया ग्रीसने चिकटवून घ्या. वाटी थोडी बाहेर राहिली आणि सर्क्लिपची खाच पूर्ण दिसेना, तर आत एखादी सुई आडवी पडली असण्याची शक्यता मोठी. हातोडा खाली ठेवा आणि वाटी पुन्हा बाहेर काढा.