ओपनग्रोकमध्ये योगदान द्यायचंय? आधी कंपनीचा लेखी होकार, मग कोड

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट इथल्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या किती तरी मुलामुलींची पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल प्रकल्पात घ्या' ही विनंती, अडकलेली मी पाहिली आहे. कोडमुळे अडकलेली त्यांत फार थोडी. कोड बरोबर असतो, टेस्ट पास होतात, आणि गाडी कागदपत्रांवर थांबते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ओपनग्रोक म्हणजे लाखो ओळींचा सोर्स कोड ब्राउझरमध्ये वाचायचं आणि त्यात शोध घ्यायचं साधन. मूळचं सन मायक्रोसिस्टिम्सचं. 2010 मध्ये ओरॅकलने सन विकत घेतल्यावर तिकडे गेलं. जावामध्ये लिहिलेलं आहे. त्याच्या आत युनिव्हर्सल सीटॅग्ज हे साधन कोडमधल्या व्याख्या हुडकतं, लुसीन ही लायब्ररी शोधासाठीचा इंडेक्स सांभाळते, टॉमकॅटसारख्या वेब सर्व्हरवरून पानं दिसतात. फंक्शनच्या नावावर क्लिक केलं की ते कुठं लिहिलंय आणि कुठंकुठं वापरलंय, ते समोर येतं. परवाना सीडीडीएल 1.0, हा एक ओपन सोर्स परवाना.

पात्रतेसाठी डिग्री लागत नाही, अनुभव लागत नाही, फी तर नाहीच. कुणी 'करून देतो' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. अडचण वयाची आहे. योगदानाआधी करारावर सही करावी लागते आणि भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 11 प्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, व्यक्ती करार करू शकत नाही. अकरावी-बारावीच्या मुलांनी मोठ्या भावाच्या नावानं सही करण्याचा मार्ग धरू नये. दोष शोधून नीट नोंदवणं हेही खरं काम आहे आणि त्याला करार लागत नाही.

कोड जिथं ठेवलाय त्या गिटहबवर खातं, फोर्क (प्रकल्पाची आपली प्रत), मेव्हन या साधनाने बिल्ड, आपल्या मशीनवर टेस्ट: एवढं प्रकल्पाच्या सूचना वाचून जमतं. नुसतं चालवून पाहायचं असेल तर तयार डॉकर इमेज, म्हणजे सगळं आधीच बसवलेलं पॅकेज, आहे.

आता तो कागद. ओरॅकल काँट्रिब्युटर अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे ओसीए. तो ऑनलाइन भरायचा. त्यानं तुमच्या कोडची मालकी तुमची आणि ओरॅकलची संयुक्त होते. तुमचा हक्क जात नाही. पण मालकी द्यायची तर ती आधी तुमची हवी ना! कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या गोष्टीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. संगणक प्रोग्रामही त्यात आले. 'मी रविवारी घरी, माझ्या लॅपटॉपवर लिहिलं' हे उत्तर पुरतंच असं नाही, कारण अनेक नेमणूकपत्रांत याहून रुंद कलम घातलेलं असतं. ते पत्र काढा आणि बौद्धिक संपदेचं कलम शब्द न् शब्द वाचा. कंपनीचा हक्क पोहोचत असेल, तर सहीचा अधिकार असलेल्या माणसाची संमती लागेल. टीम लीडचं तोंडी 'कर रे, काय होतंय' चालत नाही.

इथंच महिने जातात. एचआर लीगलकडे पाठवतं, लीगल मॅनेजरकडे, मॅनेजर पुन्हा एचआरकडे. घणसोलीच्या एका मुलीला मी या फेऱ्यांत अक्षरशः थकलेलं पाहिलं. तिनं मागितलं होतं काय, तर एक ओळीचा होकार. कंपन्यांनी यासाठी एक माणूस नेमून द्यायला काय हरकत आहे? तोवर तुम्ही एवढं करा: एकाच ईमेलमध्ये प्रकल्पाचं नाव, परवाना, काम ऑफिसच्या वेळेबाहेर होणार आणि कंपनीचा कोड वापरणार नाही, हे लिहा आणि लेखी उत्तर मागा. पगार एका कंपनीचा आणि बसणं दुसरीच्या ऑफिसात असेल, तर दोन्हीकडचे कागद वाचा.

दुसरी ठेच नाव आणि ईमेलची. कमिटच्या, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशाच्या शेवटी साइन-ऑफची (सहीची) ओळ लागते आणि त्यात ओसीएमध्ये दिलेलंच नाव, तोच ईमेल हवा. करारात वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि गिटमध्ये घरचं लाडकं नाव, किंवा करारात जीमेल आणि कमिटवर ऑफिसचा पत्ता, असं झालं की पडताळणी अडते. पहिल्या कमिटआधीच गिटची सेटिंग तपासा.

मुदतीचं एकच. प्रकल्पाला मुदत नाही. पण गुगल समर ऑफ कोडसारख्या, ओपन सोर्स प्रकल्पांत काम करायला देणाऱ्या कार्यक्रमातून अर्ज करणार असाल, तर तिथली वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. 18:00 यूटीसी म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, संध्याकाळचे सहा नव्हेत. आणि मध्यरात्रीपर्यंत वेळ आहे असंही समजू नका.

पुल रिक्वेस्ट आधीच अडकली असेल तर घाबरून ती बंद करू नका. करार पूर्ण करा, त्याच शाखेवर कमिट दुरुस्त करा आणि तिथंच दोन ओळींत कळवा.